डिचोलीचे न झालेले युद्ध

डिचोलीच्या परिसरात १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले आणि शेवटी तह होऊन ते मिटले, असे कोणी सांगितले तर मराठ्यांच्या इतिहासाची थोडीफार गोडी असलेल्या वाचकाच्या कपाळावर लगेच आठी पडेल. १६४० साली मराठा साम्राज्य कुठले? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा, म्हणजे तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले. खुद्द डिचोलीवर अंमल होता तो आदिलशाहीचा. पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीत तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे मुख्य महाल होते. डिचोली त्यांच्याकडे कायमची गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीबरोबर.

त्या दोन वर्षांत गोव्याच्या पोर्तुगिजांना खरी धास्ती होती ती डचांची. डचांची जहाजे गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत होती आणि जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का त्यांनी जिंकून घेतले. महाराजांची बारदेशावरील स्वारी १६६७ची. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार १६६८चा. संभाजी महाराजांची गोव्यावरची मोहीम १६८३ची. म्हणजे या 'युद्धा'नंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी आपला खरा इतिहास त्या भागात सुरू होतो.

तरीही हे युद्ध साडेपाच वर्षे 'झालेले' होते. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये 'बिचोलिम संघर्ष' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पान तयार झाले. बिचोलिम म्हणजे आपली डिचोली. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा. कारणे, घडामोडी, तह, परिणाम अशी शिस्तशीर मांडणी आणि तळाशी ग्रंथांचे, पृष्ठांकांचे दाखले. दोनच महिन्यांत, सप्टेंबर २००७ मध्ये, त्याला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. हा दर्जा तिथल्या एकूण लेखांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने तळाशी दिलेले ग्रंथ शोधायला घेतले, तेव्हा उलगडा झाला. ज्या पुस्तकांवर सगळा डोलारा उभा होता ती पुस्तकेच अस्तित्वात नव्हती. पान वगळण्यासाठी चर्चेला ठेवले गेले आणि काढून टाकण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या आणि जग चार दिवस हसले.

मला मात्र हसू आले नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल. आधी मला समजून घ्यायचे होते ते असे की, ज्या कोशात कोणीही लिहू शकतो, तो कोश काय काढून टाकायचे हे ठरवतो कसे? आणि ती पद्धत रोज राबत असताना हे पान साडेपाच वर्षे वाचले कसे?

*

छापील कोशांची रीत आपल्याला ठाऊक आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. अशा कामात आधी नोंदींची यादी होते, मग लेखक ठरतात, मग लेख तपासले जातात, शेवटी छपाई. निवड दाराशीच होते. जी नोंद यादीत आली नाही ती का आली नाही, हे वाचकाला कधीच कळत नाही. गाळलेल्या नोंदींची चर्चा संपादकांच्या खोलीबाहेर पडत नाही.

विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी हीच रीत महाजालावर करून पाहिली होती. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'नुपीडिया' सुरू केला. तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून लेख पार व्हायचा. पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसेक लेख पुरे झाले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला: आधी लिहा, तपासणी मागाहून. लेख भराभर वाढले, पण निवडीचे काम त्यामुळे संपले नाही. ते पुढच्या दारातून मागच्या दारी गेले. छापील कोशात जे काम 'घ्यायचे की नाही' या प्रश्नाने होत असे, ते इथे 'ठेवायचे की काढायचे' या प्रश्नाने होऊ लागले. म्हणून पाने वगळण्याची पद्धत ही तिथली झाडलोट नव्हे. खरे संपादन तिथेच चालते.

इंग्रजी विकिपीडियावर पान वगळण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली त्वरित वगळण्याची. निव्वळ बडबड, कोणाची बदनामी, दुसरीकडून उचललेला मजकूर, उघड थाप, किंवा ज्या व्यक्तीचे वा संस्थेचे महत्त्व काय हे पानात कुठेच सांगितलेले नाही असे पान. ही पाने प्रचालक चर्चेविना काढू शकतो. दुसरी वाट २००६ पासूनची. पानावर 'हे वगळावे' अशी पाटी लावायची. सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर पान जाते, आणि हरकत घ्यायला फक्त पाटी काढणे पुरते. तिसरी वाट चर्चेची. पान का वगळावे हे मांडायचे, मग साधारण सात दिवस कोणीही येऊन बाजू मांडायची. शेवटी त्या वादात न पडलेला अनुभवी सदस्य, बहुधा प्रचालक, निर्णय लिहितो. पान ठेवावे, वगळावे, दुसऱ्या पानात मिसळावे किंवा दुसरीकडे वळवावे, यांपैकी काहीही ठरू शकते. एकमत झाले नाही तर पान राहते.

या तिसऱ्या वाटेचे पहिले नाव 'वगळण्यासाठी मते' असे होते. २००५ मध्ये त्यातून 'मते' हा शब्द काढला गेला, कारण इथे डोकी मोजायची नसतात. वीस जणांनी नुसते 'ठेवा' लिहिले आणि एकाने नियमावर बोट ठेवून 'वगळा' लिहिले, तर त्या एकाचे पारडे जड होऊ शकते. निर्णय मान्य नसेल तर फेरविचाराची सोय आहे. वगळलेले पान नष्टही होत नाही. ते सामान्य वाचकाला दिसेनासे होते, पण प्रचालकांना दिसते आणि ठरले तर परत आणता येते. चर्चा तर सगळ्यांसाठी उघडीच राहते. गाळलेल्या नोंदीचा वाद वाचायला मिळणे ही कोशांच्या इतिहासातली नवी गोष्ट आहे, आणि माझ्यासारख्या कागदपत्रांच्या नादी लागलेल्या माणसाला तिचे मोल फार वाटते.

*

ही पद्धत वाचताना मला सारखे आठवत होते ते आपले महजर. शिवकाळात आणि पुढे पेशवाईतही वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापल्या तकरीरी लिहून देत. निवाडा होईल तो मान्य करू, असे आधीच लिहून घेतले जाई. त्या लेखाला तेव्हा राजीनामा म्हणत. मग कागद तपासायचे, साक्षी घ्यायच्या आणि निर्णयाचा महजर करायचा. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या. आज कोणत्या तंट्यात कोण काय बोलले हे आपण सांगू शकतो ते या महजरांमुळे. सात दिवसांच्या चर्चेचे पानही असाच एक महजर आहे. फक्त इथे निशाणी नांगराची किंवा तराजूची नसून टोपणनावाची असते.

पण दोन्हींत एक मोठा फरक आहे, तो निकषाचा. गोतसभेला ठरवायचे असे की वतन खरे कोणाचे. विकिपीडियावरच्या चर्चेला 'खरे काय' हे ठरवायचे नसते. तिथला मुख्य निकष 'उल्लेखनीयतेचा' आहे. विषयावर त्रयस्थ आणि विश्वासार्ह स्रोतांत पुरेसे लिहिले गेले आहे का, एवढेच पाहायचे. स्वतःचे संशोधन तिथे चालत नाही. कोशात येण्याची कसोटी सत्य ही नसून पडताळणीची सोय ही आहे, अशा अर्थाचे वाक्य त्या धोरणाच्या आरंभी कित्येक वर्षे होते. यात बेपर्वाई नव्हती. अनोळखी माणसे एकत्र बसून लिहिणार, तर 'मला माहीत आहे' हे वाक्य कोणाचे मानायचे? त्यापेक्षा 'कुठे छापले आहे ते दाखवा' हे म्हणणे सोपे आणि न्याय्य वाटते.

निकष किती कडक असावा यावर तिथे पहिल्यापासून दोन तट आहेत. समावेशवाद्यांचे म्हणणे असे की हा कोश कागदावरचा नाही, जागा तुटत नाही, मग कोणाचे काही अडवता कशाला? वगळावाद्यांचे म्हणणे असे की जागा पुष्कळ असली तरी लक्ष ठेवणारी माणसे थोडी आहेत. ज्या पानाची राखण होत नाही ते पान कधी ना कधी कोणाचे तरी नुकसान करते. २००५ मध्ये याचा पुरावाच मिळाला. जॉन सिगेन्थेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकारांच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. सिगेन्थेलर हे रॉबर्ट केनेडींचे एके काळचे सहकारी. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्यानंतर नोंदणी न केलेल्यांना इंग्रजी विकिपीडियावर नवे पान सुरू करण्याची मनाई झाली आणि नव्या पानांवरची नजर अधिक कडक झाली.

*

ही कडक नजर कशी काम करते हे पाहायला सप्टेंबर २००७ हा महिना सोयीचा आहे. या महिन्यात १७ तारखेला खुद्द जिमी वेल्स यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका जागेवर एका वाक्याचे पान सुरू केले. केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतले 'म्झोलीज' हे मांसविक्रीचे दुकान आणि भोजनगृह. लोक तिथे मांस निवडून घेत, ते भाजून मिळे, आणि गाण्याबजावण्यात दिवस जाई. बावीस मिनिटांत ते पान त्वरित वगळण्याच्या वाटेने गेले. पुढे ते परत आले, चर्चेला लागले, जोराचा वाद झाला, आणि दरम्यान लोकांनी वर्तमानपत्रांतले दाखले शोधून लेख वाढवल्यामुळे ते राहिले.

याच महिन्यात आपल्या डिचोलीच्या युद्धाला 'चांगला लेख' ही पदवी मिळाली. एक जागा खरी, रोज शेकडो माणसांनी गजबजलेली. तिचे पान बावीस मिनिटे टिकले. दुसरीकडे एक युद्ध, जे झालेच नाही, ते साडेपाच वर्षे टिकले. फरक तळटिपांचा होता. म्झोलीजच्या पानाला सुरुवातीला एकही दाखला नव्हता. युद्धाच्या पानाला दाखल्यांची रांग होती, आणि ती रांग इतकी नीट होती की कोणाला तिच्यामागे जाऊन पाहावेसे वाटले नाही.

म्झोलीजच्या वेळी निदान पान लिहिणारा संस्थापक होता, म्हणून वाद झाला. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचे काय होते? २०१८ मध्ये कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलँड यांच्यावरील मसुदा पुनरीक्षकाने परत केला. दिलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता दिसत नाही, असे कारण होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. ज्या संशोधनासाठी ते मिळाले तो निबंध १९८५चा, आणि २०१३ मध्ये त्या अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्षही होत्या. पुरस्कारानंतर त्यांचे पान झाले हे सांगायला नकोच. टीकेचा सारा रोख विकिपीडियावर होता, पण मला त्यात दुसरा प्रश्न दिसतो. पुनरीक्षकाने नियम मोडला नव्हता. त्रयस्थांनी त्यांच्याबद्दल लिहिलेले त्याच्यासमोर काही नव्हते. तेहतीस वर्षांत त्यांच्यावर सविस्तर लिहावे असे किती वर्तमानपत्रांना, किती मासिकांना वाटले होते? कोश छापील जगाचा आरसा असेल, तर छापील जगाने ज्याच्याकडे पाठ फिरवली ते त्यात दिसत नाही.

हे दुखणे आपल्याला परके नाही. जात्यावरच्या ओव्या, गावच्या जत्रेतले मान, घाटवाटांची नावे, पाणी वाटून घेण्याच्या रीती, यांतले किती छापले गेले आहे? २०११ मध्ये अचल प्रभला यांनी विकिमीडिया प्रतिष्ठानच्या साहाय्याने याच प्रश्नावर एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेदी या भाषांत माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्या ध्वनिफिती तळटिपेत दाखला म्हणून द्यायच्या. 'पीपल आर नॉलेज' हा त्यावरचा माहितीपट. त्यावर हरकतीही आल्या, आणि त्या सगळ्याच चुकीच्या होत्या असे मला म्हणवत नाही. एका म्हाताऱ्याने सांगितले म्हणून ते खरे, असे गोतसभाही मानत नसे. पण साक्ष घ्यायचीच नाही, असेही तिने कधी केले नाही.

*

आता हसू न येण्याचे कारण.

मी कोणत्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांतून पुस्तके आणून, मोडी अक्षर लावता येऊ लागल्यावर दफ्तरखान्यात बसून जे जमले ते केले. पंधराएक वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेसाठी मी आमच्या भागातील एका घाटवाटेवर लेख लिहिला. त्या वाटेवरच्या जकातीचा एक उल्लेख मला एका जुन्या पुस्तकाच्या तळटिपेत मिळाला होता. रुमालाचा क्रमांक आणि पत्राची तारीख दोन्ही होते. मी ते दोन्ही माझ्या तळटिपेत लिहिले. पुस्तकाचे नाव लिहिले नाही. वाचणाऱ्याला वाटावे की रुमाल मीच सोडून पाहिला. लेखाला त्यामुळे वजन आले, आणि खरे सांगायचे तर ते वजन मला हवेच होते. पदवी नसलेल्या माणसाला तळटिपांचा आधार फार वाटतो.

तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तो रुमाल माझ्यापुढे आला. त्या तारखेचे पत्र त्यात होते, पण विषय भलताच. कोणाच्या तरी बैलांच्या चोरीची तक्रार होती. जकातीचा शब्दही नव्हता. मूळ लेखकाची चूक की छापखान्याची, हा प्रश्न गौण आहे. न पाहिलेला कागद मी पाहिल्यासारखा लिहिला होता. तोवर माझ्या लेखावरून दोघांनी तो क्रमांक आपापल्या लेखांत उचलला होता. एकाने तर कंसात 'मूळ कागद पाहावा' असेही लिहिले होते. त्या दोघांना मी पत्रे लिहिली. स्मरणिका मात्र पुन्हा निघाली नाही, त्यामुळे दुरुस्ती कुठे छापायची हा प्रश्न राहिला. आज तो लेख ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्याकडे ती घाटवाट अजून जकात भरते आहे.

डिचोलीचे युद्ध रचणाऱ्याने जाणूनबुजून पुस्तके निर्माण केली. मी फक्त न उघडलेला रुमाल उघडला म्हणून सांगितला. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोघांनीही एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला होता: तळटीप असली की कोणी मागे जाऊन पाहत नाही.

म्हणूनच वगळण्याच्या पद्धतीचा दोष मला कडकपणात दिसत नाही, आणि सैलपणातही दिसत नाही. सात दिवसांची मुदत, उघडी चर्चा, डोकी न मोजण्याचा नियम, फेरविचाराची सोय, हे सगळे मला पटते. उणीव एकच: दाखला आहे की नाही हे सगळे पाहतात, दाखला उघडून पाहणारा विरळा. गोतसभेपुढे वतनदाराला कागद आणून दाखवावा लागे. तिथेही बनावट कागद येत, पण निदान अक्षर, शिक्का आणि कागदाचा पोत डोळ्यांसमोर असे.

आणि डिचोलीच्या बाबतीत तर डोळ्यांसमोर ठेवायला पुष्कळ होते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यात उभे आयुष्य घालवले. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे हे पान निर्माण झाले त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून महाराष्ट्र-गोव्यातील ग्रंथालयांत त्याला खोडून काढण्याचे साधन ठेवलेले होते. शाळेत शिवचरित्र वाचलेल्या मुलालाही १६४० हा आकडा खटकला असता. पण त्या साडेपाच वर्षांत 'इथे मराठा साम्राज्य कुठून आले?' हा प्रश्न विचारून शेवटापर्यंत नेणारे कोणी त्या पानावर आले नाही. शेवटी ते पकडले ते पुस्तके सापडत नाहीत म्हणून. निवाडा बरोबर झाला, पण आपली साक्ष त्यात नव्हती, याची मला खंत वाटते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, इंग्रजीही कोणाला बंद नाही. आपल्या इतिहासाचा तंटा जगाच्या गोतसभेत चालू असताना आपण घरी बसून वाचत राहिलो.

विकिपीडियाची एक गोष्ट मात्र मी त्या प्रकरणातून शिकलो. तिथे आजवर सापडलेल्या थापांची यादी उघडपणे ठेवलेली आहे, आणि प्रत्येक थाप किती काळ टिकली हेही लिहिलेले आहे. डिचोलीचे युद्ध त्या यादीत आहे. स्वतःची फजिती इतक्या सरळपणे नोंदवणारे किती छापील ग्रंथ आपल्या कपाटात आहेत? शुद्धिपत्रात आपण ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो.

मी आता तळटीप देताना एक सवय ठेवली आहे. जो कागद मी पाहिला त्याच्यापुढे पाहिल्याची तारीख लिहितो. जो पाहिला नाही तो ज्याच्या पुस्तकातून घेतला त्याचे नाव लिहितो. लेख त्यामुळे थोडे हलके दिसतात. त्या स्मरणिकेची एक प्रत माझ्याकडे आहे. तिच्यातल्या चुकीच्या तळटिपेपुढे मी समासात पेन्सिलीने खरी हकिकत लिहून ठेवली आहे, आणि ज्यांच्या ग्रंथालयात दुसरी प्रत सापडली तिथेही परवानगी घेऊन तेवढे लिहून आलो. अजून दोन प्रती शोधायच्या आहेत.